‘लहरी’ ते ‘तुघलकी’ : एका विशेषणाचा अर्थ आणि उगम

ज्या वागण्याचा आधी अंदाज बांधता येत नाही आणि ज्याचे कारण नंतरही सापडत नाही, अशा वागण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लहरी, तऱ्हेवाईक, मनमौजी, छांदिष्ट, चंचल, विक्षिप्त हे सर्व शब्द नित्याच्या बोलण्यात आहेत. कोणाला अवेळी हुक्की येते, कोणाची मर्जी फिरते, कोणाचा मूड जातो. याच पंक्तीत एक शब्द मागाहून येऊन बसला व आता मानाच्या जागी आहे. तो शब्द म्हणजे ‘तुघलकी’. तुघलकी निर्णय, तुघलकी फर्मान, तुघलकी कारभार ही पदे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत व सभागृहांतील भाषणांत येतात. परीक्षेचे वेळापत्रक रातोरात बदलले की ती महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्येही ऐकू येतात.

बाकीचे शब्द स्वभावाचे किंवा मनःस्थितीचे वर्णन करतात. ‘तुघलकी’ हा शब्द मात्र एका ऐतिहासिक व्यक्तीवर दिलेला निकाल आहे. तो वापरणारा दोन विधाने एकदमच करतो. एक विधान समोरच्या निर्णयाविषयी असते व दुसरे चौदाव्या शतकातील एका सुलतानाविषयी. पहिले विधान प्रत्येक वेळी तपासले जाते, दुसरे कधीच तपासले जात नाही. भाषा व इतिहास शिकविणाऱ्यांनी या दुसऱ्या विधानाची चिकित्सा करणे आवश्यक आहे, कारण ते बहुतेकांना वर्गातूनच मिळालेले असते.

१. लाट, मिश्रण आणि तऱ्हा

आधी शेजारच्या शब्दांकडे पाहणे सोयीचे होईल. संस्कृतात ‘लहरी’ हे नाम असून त्याचा अर्थ लाट. ‘सौंदर्यलहरी’ किंवा शाहजहानच्या दरबाराशी संबंध असलेल्या जगन्नाथ पंडिताची ‘गंगालहरी’ या नावांत तो मूळ अर्थ शाबूत आहे. मराठीने ‘लहर’ पाण्यातून काढून शरीरात व मनात नेली. झोपेची लहर येते, विषाची लहर चढते आणि मनाची लहर लागते. तिन्ही ठिकाणी एकच भाव आहे : काहीतरी आतून उसळते, माणसाला काही काळ ताब्यात घेते व ओसरते. त्या अवस्थेचा मालक माणूस नसतो. ‘लहरी’ हे विशेषण याच अर्थावर उभे आहे.

अरबीतील ‘मौज’ या शब्दाचा प्रवास याच्याशी जवळजवळ समांतर आहे. ‘मौज’ म्हणजेही लाट. फारसीमार्गे तो उर्दूत आला तेव्हा लाट हा अर्थ टिकला व त्याला मनाची उसळी हा दुसरा अर्थ जोडला गेला. मराठीत येईपर्यंत पाणी पुरते आटले आणि मजा तेवढी उरली. तरीही ‘मनमौजी’ या जोडशब्दात जुनी लाट अजून हलते. परस्परांपासून दूर वाढलेल्या दोन भाषाकुलांना मनाच्या बेभरवशी हालचालीसाठी एकच उपमा सुचावी व त्या दोन्ही उपमा मराठीत एकत्र नांदाव्यात, ही तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब आहे.

उर्दूत अशा माणसाला ‘मुतलव्विन मिजाज’ म्हणतात. अरबी ‘लौन’ म्हणजे रंग. ज्याच्या वृत्तीचा रंग ठरत नाही तो मुतलव्विन. ‘मिजाज’ म्हणजे मुळात मिश्रण. युनानी वैद्यकात शरीरातील चार दोषद्रव्यांच्या मिश्रणावरून माणसाची प्रकृती ठरते, म्हणून मिजाज म्हणजे स्वभाव. मराठीत त्याचे ‘मिजास’ झाले आणि अर्थ गर्वाकडे झुकला.

‘तऱ्हेवाईक’चा प्रवास अधिक गमतीचा आहे. अरबी ‘तर्ह’ म्हणजे पाया, आखणी, नमुना. उर्दू मुशायऱ्यात ‘मिसरा-ए-तरह’ दिला जातो, म्हणजे सर्व शायरांनी ज्या वजनात व ज्या काफियात लिहायचे त्याचा नमुना. मराठीत ‘तऱ्हा’ म्हणजे रीत, प्रकार. तिला ‘नातेवाईक’मधला ‘वाईक’ जोडून जो शब्द झाला, त्याचा अर्थ मात्र कोणाच्याच नमुन्यात न बसणारा माणूस असा आहे. उर्दूत जी तरह सर्वांना एका ओळीत बसविते, तीच मराठीत ओळीबाहेरच्याची खूण झाली.

या सर्व शब्दांत एक साम्य आहे. त्यांत थोडी माया आहे. लहरी काका, तऱ्हेवाईक मास्तर, मनमौजी मित्र यांच्याविषयी बोलताना माणूस हसतो. लहरीची झळ घरापुरती, फार तर गल्लीपुरती असते. सत्ता आली की शब्द बदलतो. तेव्हा ‘मर्जी’ येते. राजाची किंवा साहेबाची मर्जी सांभाळावी लागते आणि त्यांची खप्पामर्जी झाली तर दैना होते. ‘खप्पा’मागे उर्दूतला ‘खफा’ आहे. निसर्गाची बेभरवशी आपत्ती ती ‘अस्मानी’ आणि राज्यकर्त्याकडून येणारी ती ‘सुलतानी’ अशी जोडीही मराठीने पूर्वीच करून ठेवली आहे. म्हणजे सत्तेच्या लहरीसाठी भाषेत शब्द नव्हता म्हणून ‘तुघलकी’ आला, असे म्हणता येत नाही. तो कोठून आला हे वेगळे शोधावे लागते.

२. नावाचे विशेषण होते तेव्हा

व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या नावावरून कारभाराचे नाव पाडणे ही मराठीची जुनी खोड आहे. ‘ही काय मोगलाई लागून गेली?’ या प्रश्नात मोगलाई म्हणजे बेबंदशाही. नादिरशाही म्हणजे क्रूर जुलूम. ‘हा कोण बाजीराव लागून गेला?’ असे म्हणताना पेशव्यांच्या नावालाही सवलत मिळत नाही. पोपाबाईचे राज्य आहे, हिटलरशाही आहे. तेव्हा ‘तुघलकी’ हा शब्द केवळ एका समाजाविषयीच्या आकसातून घडला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भाषा सर्वच सत्ताधाऱ्यांचा सूड घेते आणि तो तिचा अधिकार आहे.

मात्र ‘मोगलाई’ आणि ‘तुघलकी’ यांत एक भेद आहे. मोगलाई हा शब्द अनुभवातून आला. मराठी मुलखाने मोगल फौजा पाहिल्या, वसुली सोसली, आणि शब्द त्यातून घडला. ‘तुघलकी’च्या बाबतीत असा सलग अनुभव दिसत नाही. महंमद बिन तुघलकाने दिल्लीहून १३२५ ते १३५१ या काळात राज्य केले. त्याची दुसरी राजधानी मराठी मुलखातच होती. त्याच्या हयातीतच, १३४७ मध्ये, दौलताबादेस बंड होऊन बहमनी राज्य स्थापन झाले व दख्खन त्याच्या हातून गेले.

शब्दाचे लेखनही एक सूचना देते. अरबी-फारसीतील ‘ग़ैन’ या वर्णाचा जुन्या मराठीत सामान्यतः ‘ग’ होतो : गरीब, गुलाम, बाग, दगा, बगल, गनीम, अफगाण. ‘घुस्सा’सारखा अपवाद आहे, पण तो अपवादच. याच नियमाने जुन्या कागदांत ‘मोगल’ असे रूप आहे. ‘मुघल’ हे रूप इंग्रजी पुस्तकांतील रोमन लेखनाच्या वळणाचे आहे. ‘तुगलक’ऐवजी ‘तुघलक’ रूढ व्हावे, यावरून हे नावही बखरीतून किंवा लोकस्मृतीतून न येता इंग्रजी वळणाच्या इतिहासपुस्तकातून आले असावे, असे अनुमान निघते. एका वर्णावर सगळा इमला उभारता येणार नाही. पण पुढील पुरावा याच दिशेने जातो.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. हा सुलतान काही अंशी वेडाने ग्रासलेला होता काय, अशी शंका त्यात मांडली आहे. पुढे १८७१ मध्ये एलियट व डाउसन यांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात फारसी तवारिखांतील निवडक उतारे इंग्रजीत आले. शाळा-कॉलेजांतील इतिहास दीर्घकाळ या निवडीवर पोसला गेला. शंका हळूहळू विधान झाली, विधानाचे बिरुद झाले. ‘वेडा महंमद’ हे शालेय बोलण्यातील नाव त्याच परंपरेचे आहे.

३. साक्षीदार कोण होते?

सुलतानाविषयी जे सांगितले जाते ते मुख्यतः तीन समकालीनांच्या साक्षीवर उभे आहे. साहित्याच्या अध्यापकाला परिचित असलेला प्रश्न येथे विचारला पाहिजे : निवेदक कोण आहे, तो कोठे उभा आहे आणि कोणासाठी बोलतो आहे?

पहिला साक्षीदार जियाउद्दीन बरनी. तो सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतानाचा नदीम, म्हणजे सहवासातील दरबारी होता. सुलतानाच्या मृत्यूनंतर त्याचे दिवस फिरले, दरबार सुटला आणि दारिद्र्यात त्याने १३५७ च्या सुमारास ‘तारीख-ए-फिरोजशाही’ पूर्ण केली. तो मूळचा बरनचा, म्हणजे आजच्या बुलंदशहरचा. दुआबातील करवाढ व दुष्काळ यांनी होरपळलेला प्रदेश त्याचा स्वतःचा होता. त्याच्या लेखनात एकीकडे सुलतानाच्या बुद्धीचे व औदार्याचे विलक्षण कौतुक आहे, तर दुसरीकडे त्याने केलेल्या शिक्षांचा थरकाप आहे. परस्परविरोधी गुण एका ठिकाणी आलेले पाहून तो थक्क होतो. या ग्रंथाची फारसी संहिता सर सय्यद अहमद खान यांनी संपादित केली व ती १८६२ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाली, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

दुसरा साक्षीदार इसामी. त्याचा नव्वद वर्षांचा आजोबा दिल्ली सोडावी लागल्यावर वाटेतच वारला. ते दुःख त्याच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या काव्यमय इतिहासात जिवंत आहे. पण हे काव्य त्याने १३५० च्या सुमारास पहिला बहमनी सुलतान अलाउद्दीन हसन याच्या आश्रयाने लिहिले. ज्याने महंमदाविरुद्ध बंड करून राज्य उभारले, त्याच्या दरबारी महंमदाची निंदा हा राजमान्य विषय होता. सुलतान योग्यांशी संगत करतो, हाही इसामीच्या आरोपपत्रातील एक मुद्दा आहे.

तिसरा इब्न बतूता. तो १३३४ मध्ये दिल्लीस पोहोचला, तेथे काझी झाला व १३४२ मध्ये चीनकडे जाणाऱ्या वकिलातीबरोबर निघाला. वाटेत त्याने दौलताबाद व नंदुरबार पाहिले, पुढे गोव्याचा उल्लेख ‘संदाबूर’ या नावाने केला. त्याचे प्रवासवर्णन मात्र मोरोक्कोत परतल्यावर, १३५५ च्या सुमारास, दुसऱ्याच्या हातून लिहिले गेले. दिल्ली ओस पडल्यावर मागे राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादेपर्यंत फरफटत नेण्यात आले व अखेर त्याचा केवळ पाय पोहोचला, ही सर्वश्रुत कथा त्याचीच. पण स्थलांतर १३२७ च्या सुमारास झाले; तेव्हा तो हिंदुस्थानात नव्हता. कथा ऐकीव आहे. त्याच ग्रंथात दिल्ली ते दौलताबाद रस्त्यावर दुतर्फा झाडे व मुक्कामाच्या ठिकाणी सर्व सोयी असल्याचे त्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले वर्णनही आहे. सांगोवांगी ऐकलेला पाय सर्वांच्या ध्यानात राहिला, स्वतः पाहिलेली झाडे विसरली गेली.

तिघेही खोटे बोलत होते असा याचा अर्थ नाही. प्रत्येकाच्या साक्षीत वेदना आहे व ती खरी आहे. पण त्यांपैकी कोणीही सुलतानाला केवळ लहरी म्हणत नाही. बरनीसमोरचे कोडे हेच आहे की इतका विचार करणारा माणूस इतका कठोर कसा झाला. पुढच्या काळाने त्या कोड्यातील पहिला अर्धा भाग गाळला.

४. ती लहर होती काय?

लहरीची तीन लक्षणे वर आली : तिला कारण नसते, ती पूर्वनियोजित नसते आणि ती लवकर ओसरते. सुलतानाच्या दोन प्रसिद्ध निर्णयांना ही कसोटी लावून पाहता येते.

देवगिरीच्या यादवांचे राज्य १३१८ च्या सुमारास खालसा झाले होते. वरंगळची मोहीम १३२३ मध्ये स्वतः महंमदानेच, तो युवराज असताना, यशस्वी केली होती. गादीवर आल्यावर लगेच दख्खनमध्ये सागर येथील सुभेदार बहाउद्दीन गुर्शास्प याने बंड केले. नवा मुलूख दिल्लीहून हाकणे कठीण होते, आणि राज्याच्या मध्यवर्ती ठिकाणी राजधानी असावी हे कारण खुद्द बरनीनेच दिले आहे. म्हणजे कारण होते व तयारीही होती. रस्ता, मुक्काम, घरांसाठी जागा यांची योजना केलेली दिसते.

आगा महदी हुसेन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रकरणाची फेरतपासणी केली. इब्न बतूताच्या प्रवासवर्णनाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९५३ मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रकाशित केला. दिल्ली संपूर्ण रिकामी झाली नव्हती. हलविला गेला तो मुख्यतः उमराव, उलेमा, सूफी व दरबारी असा वरचा मुसलमान वर्ग, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दिल्ली परिसरातील १३२७-२८ च्या सुमाराचे संस्कृत शिलालेख तेथे व्यापारी कुटुंबे नांदत असल्याचे दाखवितात. त्या काळची नाणी दिल्ली आणि दौलताबाद या दोन्ही टांकसाळींची मिळतात.

दुसरा निर्णय तांब्या-पितळेच्या नाण्यांचा. १३२९-३० च्या सुमारास सुलतानाने चांदीच्या टंक्याच्या मोलाची हलक्या धातूची नाणी काढली. चीनमध्ये कागदी चलन चालू होते; इराणात १२९४ मध्ये तसा प्रयोग होऊन फसला होता. नाण्याचे मोल धातूत नसून राज्याच्या हमीत असते, हे तत्त्व आज प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रयोग फसला तो अंमलबजावणीत. टांकसाळीचे नाणे व घरी पाडलेले नाणे यांत फरक करता येईल अशी खूणच नव्हती. घरोघरी टांकसाळी झाल्या, बाजार बुडाला आणि दोन-तीन वर्षांतच नाणी मागे घेण्यात आली. लोकांनी आणलेल्या नाण्यांच्या बदल्यात खजिन्यातून चांदी-सोने देण्यात आले. लहरी सत्ताधीश स्वतःच्या चुकीची भरपाई स्वतःच्या खजिन्यातून करीत नाही.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. सुलतानाचा बचाव करणारे काही लेखन त्याला काळाच्या पुढचा, गैरसमजांचा बळी ठरवून मोकळे होते. ते खरे नाही. ज्यांना उन्हाळ्यात शेकडो कोस चालावे लागले त्यांना विचारले नव्हते. दुआबात करवाढ झाली त्याच सुमारास पाऊस गेला आणि वसुली थांबली नाही. नंतर शेतीसाठी तगाई व धान्यवाटप केले गेले, तोपर्यंत गावे उठली होती. विरोधाला उत्तर म्हणून शिक्षा वाढत गेल्या. दोष मोठा आहे. पण तो लहरीचा नाही. तो सल्ला न घेण्याचा, घाईचा आणि माणसांना योजनेतील आकडे समजण्याचा दोष आहे.

म्हणूनच ‘तुघलकी’चा रूढ अर्थ सत्तेवरील टीकेला दुबळी करतो. निर्णय लहरी म्हटला की तो समजून घेण्याची गरज उरत नाही, आणि लहर ओसरेल एवढी वाट पाहणे उरते. कागदावर सुसंगत असलेली योजना ज्यांच्यावर लादायची त्यांना न विचारता, यंत्रणा तयार नसताना, दंडाच्या भयाने राबविली जाते, तेव्हा ती वेडापेक्षा अधिक घातक असते. वेडा थकतो, योजना थकत नाही. त्या प्रकारच्या कारभारासाठी ‘तुघलकी’ हा शब्द वापरला तर तो इतिहासाशीही प्रामाणिक राहील आणि आजच्या टीकेलाही धार देईल.

५. नाटकातील तुघलक

हा अर्थ साहित्याला अपरिचित नाही. गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ हे कन्नड नाटक १९६४ मध्ये आले. विजय तेंडुलकर यांनी ते मराठीत आणले. धारवाड-बेळगाव पट्ट्यातील वाचकाला ते दोन्ही भाषांतून जवळचे आहे. या नाटकाचा नायक लहरी नाही. तो बुद्धिबळ खेळतो, आखणी करतो, समतेचे व न्यायाचे स्वप्न पाहतो. त्याच्या प्रत्येक योजनेचा फायदा अझीझसारखा धूर्त धोबी उठवितो, आणि स्वप्न जितके उंच तितके रक्त अधिक, असे ते नाटक पुढे जाते. नेहरूयुगाच्या अखेरच्या भ्रमनिरासाशी त्याचे नाते समीक्षकांनी जोडले आहे.

तमिळमध्ये चो रामस्वामी यांनी १९६८ मध्ये याच सुलतानावर राजकीय प्रहसन रचले, त्यावर १९७१ मध्ये चित्रपट झाला आणि त्यांच्या ‘तुघलक’ या नियतकालिकाचा आरंभ १९७० मधला. येथे सुलतान म्हणजे विक्षिप्त सत्तेची खिल्ली. एकाच दशकात दोन भाषांत दोन तुघलक उभे राहिले : एक शोकांतिकेचा, एक प्रहसनाचा. लोकभाषेने प्रहसनातला उचलला. शोकांतिका समजायला माणसाचे कारण ऐकून घ्यावे लागते. प्रहसनाला तेवढा वेळ लागत नाही.

मराठी रसिकांनीही कार्नाडांच्या नाटकाला दाद दिली, पण त्या नाटकाने ‘तुघलकी’ या शब्दाचा अर्थ बदलला नाही. चांगल्या साहित्यकृतीलाही पाठ्यपुस्तकाने रुजविलेले विशेषण हलविता येत नाही, ही बाब अध्यापकांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

६. दौलताबादचे दुसरे फलित

‘तुघलकी’ म्हणताना सर्वांत मोठे उदाहरण राजधानीच्या स्थलांतराचे दिले जाते आणि त्याचा शेवट ‘सगळे परत गेले’ असा सांगितला जातो. सगळे परत गेले नाहीत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले, येथेच राहिले व १३३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा दर्गा खुलदाबादला आहे. औलियांची वचने संकलित करणारे कवी अमीर हसन सिज्जी हेही खुलदाबादच्याच मातीत आहेत. ख्वाजा बंदानवाज गेसूदराज लहानपणी वडिलांबरोबर दौलताबादेस आले. पुढे दिल्लीस जाऊन वृद्धापकाळी पुन्हा दख्खनमध्ये, गुलबर्ग्यास स्थिरावले आणि १४२२ मध्ये तेथेच निवर्तले.

या माणसांबरोबर दिल्लीच्या परिसरातील बोली दख्खनमध्ये आली. अलाउद्दीन खलजीच्या फौजांबरोबर ती आधीही आली होती. पण फौज येते आणि जाते, कुटुंबे राहतात. मराठी, कन्नड, तेलुगू यांच्या शेजारात तिची दखनी झाली. दखनीतले ‘नक्को’ हे मराठीचे ‘नको’ आहे. जोर देण्यासाठी शब्दाच्या शेवटी लागणारा ‘च’ही मराठीचाच. बहमनी, आदिलशाही व कुतुबशाही राजवटींत याच भाषेत ग्रंथ झाले व उत्तरेत उर्दू काव्य बहरण्यापूर्वी दख्खनमध्ये तिचे साहित्य उभे राहिले. विसाव्या शतकात मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) राहून दखनीच्या जुन्या हस्तलिखितांचा शोध घेतला, तो दौलताबादच्या किल्ल्यापासून काही कोसांवर बसून.

म्हणजे हैदराबाद, बेळगाव, सोलापूर, मराठवाडा या पट्ट्यातील ज्या घरांत आज मराठी व दखनी या दोन्ही भाषा एका ताटात वाढल्या जातात, त्यांच्या भाषिक इतिहासात त्या ‘तुघलकी’ निर्णयाचा वाटा आहे. यामुळे तो निर्णय योग्य ठरत नाही. ज्यांना जबरदस्तीने आणले त्यांची वेदना नातवंडांच्या भाषेने फिटत नाही. पण ज्या घटनेतून एक भाषा आकाराला आली, तिला केवळ फसलेली लहर म्हणून निकालात काढणे हे इतिहासाचे अपुरे वाचन होय.

७. एक आक्षेप आणि वर्गातील काम

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, उगमाने नाही. ‘मौज’ म्हणताना कोणी लाट आठवत नाही. मग ‘तुघलकी’ म्हणताना सुलतान का आठवावा? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच हा शब्द वर्ज्य करावा असे सुचविण्यात अर्थ नाही. भाषेवर फर्मान चालत नाही. पण ‘मौज’मधली लाट विसरली गेली आहे, ‘तुघलकी’तला सुलतान विसरला गेलेला नाही. सातवी-आठवीच्या वयात विद्यार्थ्याला इतिहासाच्या तासाला तो भेटतो व त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्याचे विशेषण भेटते. दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात. ‘वेडा महंमद’ हे बिरुद उच्चारले जाते त्या वर्गात महंमद नावाचे एखादे मूल मागच्या बाकावर बसलेले असते. शेजारी हसतात, तेही हसते, आणि नंतर उत्तरपत्रिकेत तेच दोन शब्द लिहून गुण मिळविते. इतिहासाने त्याला काही शिकविलेले नसते. एका नावाबरोबर कोणते विशेषण जोडायचे, एवढेच शिकविलेले असते.

यावर उपाय अवघड नाही. इतिहासाच्या अध्यापकाला बरनी, इसामी व इब्न बतूता यांचे छोटे उतारे अनुवादात देऊन तिघांची साक्ष समोरासमोर ठेवता येते. भाषेच्या अध्यापकाला लहरी, तऱ्हेवाईक, मनमौजी, मुतलव्विन, मर्जी, मोगलाई व तुघलकी असे शब्द फळ्यावर लिहून, कोणता शब्द कोणासाठी वापरला जातो, कोणात माया आहे व कोणात भय आहे, हे विद्यार्थ्यांकडून काढून घेता येते. नाटक शिकविणाऱ्याला कार्नाडांच्या नायकासाठी यांपैकी कोणता शब्द लागू पडतो असा प्रश्न विचारता येतो. हा तास दोन भाषांच्या विभागांनी मिळून घेतला तर अधिक चांगले.

कोशकारांनाही एक काम उरते. नोंद करताना ‘लहरी, अविचारी’ एवढ्यावर न थांबता, हा अर्थ रूढ असला तरी मूळ व्यक्तीच्या चरित्राशी तो पुरता जुळत नाही अशी एक ओळ जोडता येईल. ज्याला शेजाऱ्याच्या बेभरवशी स्वभावाविषयी बोलायचे आहे त्याच्यासाठी ‘लहरी’ पुरेसा आहे आणि तो अधिक मराठी आहे. ‘तुघलकी’ राखून ठेवावा तो अशा हुकमासाठी, ज्यामागे कारण आहे, हुशारी आहे, कदाचित सद्हेतूही आहे, पण ज्यांनी तो सोसायचा त्यांना कोणी काही विचारलेले नाही.